गोल झाला की नाही? विचारा पडद्याला!

मुलांनो, मैदानावर फुटबॉल खेळताना तुमचं सगळ्यात जास्त भांडण कशावरून होतं? "गोल झाला!" "नाही झाला, चेंडू रेषेवरच होता!" "तुझा हात लागला!" हो ना? दोन चपला ठेवून केलेल्या गोलपाशी होणारं हे भांडण विश्वचषकातही झालेलं आहे, बरं का!

३० जुलै १९६६. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांचा अंतिम सामना रंगला होता. २-२ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका गोलच्या आडव्या दांड्याला लागून खाली आपटला. चेंडू आत पडला की रेषेवर? पंचांनी धावत जाऊन लाइन्समनला विचारलं. त्याने 'गोल' असं सांगितलं आणि पुढे इंग्लंड ४-२ असं जिंकलं. त्या गोलवरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

२२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत तर कमालच झाली. अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चक्क हाताने चेंडू गोलमध्ये ढकलला. टीव्हीवर जगाने ते पाहिलं. दिसलं नाही ते फक्त मैदानावरच्या पंचांना! अर्जेंटिनाने सामना २-१ असा जिंकला.

मग पंचांनाच टीव्ही का दाखवू नये? क्रिकेटमध्ये हे आधीच घडलं होतं. १९९२ मध्ये डर्बनला टीव्ही पाहून तिसऱ्या पंचांनी पहिल्यांदा एका फलंदाजाला धावबाद दिलं. तो फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर! पण क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ थांबतोच. फुटबॉल मात्र वाहता खेळ आहे. तो थांबवायचा कसा, हीच अडचण होती.

पहिला उपाय २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात आला. प्रत्येक गोलवर ७ कॅमेरे रोखलेले होते. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला, की एका सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरच्या घड्याळात 'गोल' अशी सूचना येई. खेळही थांबत नसे. त्यावर फारशी कुणी तक्रार केली नाही.

२०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात पुढचं पाऊल पडलं. ते म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी, थोडक्यात 'व्हीएआर'. काही पंच दूरच्या खोलीत बसून सामना अनेक कॅमेऱ्यांतून पाहतात. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढ्या चारच बाबतींत तेव्हा ते मैदानावरच्या पंचांना सावध करत. पंच हवेत हातांनी चौकोन काढतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. शेवटचा निर्णय मात्र मैदानावरच्या पंचांचाच!

मग वाद संपले का? छे! त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ असे बरोबरीत होते. क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. लागला हे सर्वांना दिसत होतं. पण त्याचा गुन्हा धरायचा, की आपोआप लागला म्हणून सोडून द्यायचं? पंच पिताना यांनी पडदा पाहिला, वळले, पुन्हा येऊन पाहिलं आणि पेनल्टी दिली. फ्रान्स ४-२ ने जिंकलं आणि चर्चा सुरूच राहिली.

इथेच खरी मेख आहे. गणिताचा पेपर तपासताना उत्तर बरोबर तरी असतं, नाहीतर चूक तरी. निबंध तपासताना मात्र दोन शिक्षक वेगवेगळे गुण देऊ शकतात. चेंडूने रेषा ओलांडली का, हे गणित झालं. धक्का मुद्दाम मारला का, हा निबंध! पडदा दृश्य दाखवतो, अर्थ माणसालाच लावावा लागतो.

शिवाय पडद्यासमोरही माणूसच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासने गोल केला. मैदानावर तो ऑफसाइड ठरला. खोलीतल्या पंचांना वाटलं, मैदानावर गोल दिलेला आहे. त्यांनी 'तपासणी पूर्ण' असं कळवलं. झालं! चांगला गोल वाया गेला आणि लिव्हरपूल २-१ ने हरलं.

प्रेक्षकांची तक्रार आणखी वेगळी आहे. गोल झाल्यावर उड्या मारायच्या, की पडद्याची वाट पाहायची? जुलै २०२४ मध्ये नॉर्वेत चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानावर चक्क माशांचे वडे फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला! स्वीडनमध्ये बहुतेक क्लब त्यांच्या सभासदांच्या मालकीचे आहेत. त्यांच्या विरोधामुळे २०२४ मध्ये तिथे व्हीएआर आणायचा बेत रद्द झाला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या २० क्लबांनी मतदान केलं, तेव्हा १९ जणांनी व्हीएआर ठेवायच्या बाजूने मत दिलं. चुका झाल्या तरी चालतील पण आनंद अडवू नका, असं काहींना वाटतं. इतरांना वाटतं, थांबावं लागलं तरी चालेल पण अन्याय नको. दोघांचंही म्हणणं विचार करण्यासारखं आहे, नाही का?

आता शेवटची गोष्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये इटलीत नापोलीविरुद्ध लाझिओच्या मिरोस्लाव क्लोजने गोल केला. पंचांनी तो दिलासुद्धा. तेव्हा व्हीएआर नव्हतं. पण क्लोजने स्वतःच पंचांना सांगितलं, की चेंडू माझ्या हाताला लागला होता. गोल रद्द झाला. त्याचा संघ ३-० ने हरला. पण विरुद्ध संघाच्या खेळाडूंनी त्याच्याशी हात मिळवले.

तुमच्या शाळेच्या मैदानावर कॅमेरे नाहीत. तिथे चेंडू हाताला लागला, की सगळ्यात आधी कुणाला कळतं, सांगा बरं?