पाटकऱ्याने पीक विचारू नये

भंडारदऱ्याचे किंवा मुळा धरणाचे आवर्तन सुटले की नगर जिल्ह्यात जुनेच भांडण नव्याने पेटते. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचा ऊस दोनदा भिजतो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसतो. या भांडणाची धाकटी आवृत्ती आता रोज रात्री आठनंतर घराघरांत चालते. मालिका मध्येच थांबते, पडद्यावर चकरी फिरत राहते आणि केबलवाल्याला फोन जातो. त्याच्याकडून हमखास येणारे उत्तर म्हणजे 'तुमच्या लायनीवर कुणीतरी पिक्चर डाउनलोड करत बसलंय.' या एका वाक्यात दोन आरोप आहेत. कुणीतरी वाट्यापेक्षा जास्त ओढतो आहे, हा पहिला. तो ओढतो आहे ते चोरीचे आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न मोजमापाचा आहे, दुसरा कायद्याचा. दोन्ही एकाच पोत्यात भरल्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हाती नको ती काठी येते आणि सिनेमा बनवणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही.

आधी मोजमापाकडे पाहू. फायबरचे कनेक्शन स्वतंत्र तारेने थेट आपल्या घरी आले आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टातून एक काचतंतू निघतो. तो चौकातल्या खांबावरच्या डब्यात स्प्लिटरला जोडतात आणि तिथून त्याचे ३२ किंवा ६४ फाटे होतात. मुख्य पाटातून चाऱ्या फुटाव्यात तसे. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात या एका पोर्टाची क्षमता घराकडे येणाऱ्या दिशेने सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि घराकडून जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मी असते. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण तोटी उघडली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस येतात. विकलेला प्लॅन मात्र ५० किंवा १०० एमबीपीएसचा असतो. याला लगेच फसवणूक म्हणता येणार नाही, कारण सगळे एकाच वेळी तोटी उघडत नाहीत, या हिशेबावरच सगळा धंदा उभा आहे. शिवाय ऑपरेटर वरच्या कंपनीकडून जी बँडविड्थ विकत घेतो ती सगळ्या ग्राहकांच्या बेरजेपेक्षा कितीतरी कमी असते. रात्री आठला सामना आणि मालिका एकदमच सुरू झाल्या की हा हिशेब कोलमडतो. टोरंटवाला असो वा नसो.

टोरंटवाल्याला अगदीच निर्दोष ठरवायचे नाही. टोरंटमध्ये फाइलचे शेकडो तुकडे होतात. तुमचा संगणक ते दहा जणांकडून घेतो आणि घेता घेताच आणखी दहा जणांना वाटत राहतो. त्यामुळे मुळातच निम्म्या असलेल्या जाणाऱ्या वाटेवर भार पडतो आणि शेजारच्या घरातला व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. तरीही आज घरगुती वाहतुकीत सिंहाचा वाटा व्हिडिओचा आहे, आणि त्यातला बराचसा रीतसर पैसे भरून किंवा जाहिराती सोसून पाहिलेला असतो. एक साधा हिशेब करून पाहा. अनेक कंपन्यांच्या 'अनलिमिटेड' प्लॅनला महिन्याची मर्यादा ३,३०० जीबीची असते. (अमर्यादची मर्यादा! मराठीत याला काय म्हणावे, वाचकांनीच ठरवावे.) दोन जीबीचा एक चोरटा सिनेमा धरला तर ही मर्यादा ओलांडायला महिन्याला १,६५० सिनेमे लागतील, म्हणजे दिवसाला ५५. असा रसिक विरळाच.

भारामुळे अडचण येत असेल तर भार मोजावा, त्यात काय वाहते आहे ते बघू नये. नगरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. विश्वेश्वरय्यांच्या काळापासून दख्खनच्या कालव्यांवर चाललेल्या ब्लॉक पद्धतीत पाटबंधारे खाते पीक बघून पाणी देई. उसाचा ब्लॉक वेगळा, भुसाराचा वेगळा. कुणाच्या रानात काय उभे आहे हे बघण्याचा अधिकार आला की त्यासोबत मेहेरबानीही येते आणि चिरीमिरीही. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यात तत्त्वच बदलले. पाणी वापर संस्थेला घनमापाने पाणी द्यायचे आणि पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्यावर सोडायचे. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा आणि दुःखद विषय आहे, पण तत्त्व पक्के आहे.

इंटरनेट हाच धडा अमेरिकेत शिकले. कॉमकास्ट ही तिथली बलाढ्य केबल कंपनी २००७ मध्ये ग्राहकांना न सांगता टोरंटची वाहतूक तोडते आहे, असे उघडकीला आले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तपासणीसाठी जी फाइल टोरंटने पाठवून पाहिली, ती होती किंग जेम्स बायबल. म्हणजे जिच्यावर तिथे कुणाचाही कॉपीराइट नाही अशी. तीही अडवली गेली. यंत्राला टोरंट ओळखता येत होते, पण चोरी ओळखता येत नव्हती. लिनक्ससारखी मोफत वाटण्यासाठीच बनवलेली सॉफ्टवेअरही याच मार्गाने जातात. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्ये सांगितले की डेटा मर्यादा ग्राहकाला स्पष्ट कळवली पाहिजे आणि ती संपल्यावरही ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली. पुरवठादाराने मजकूर बघून दुजाभाव करू नये, हा तिचा गाभा.

यावर सिनेमावाले विचारतील की आमच्या घरावर दरोडा पडत असताना रस्तेवाल्याने डोळे मिटून घ्यायचे का? प्रश्न रास्त आहे, आणि नगरला तो परका नाही. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तो नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना. 'फँड्री'ची गोष्ट घडते ती नगरजवळच्या अकोळनेरात. त्यांचाच 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाइलमोबाइलवर फिरू लागली. मेमरी कार्डात, पेन ड्राइव्हवर, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर. 'सैराट'ने तरीही कमाईचा विक्रम केला, म्हणून पायरसीने काही बिघडत नाही, असे सांगणारे भेटतात. महापुरात एकाची विहीर वाचली म्हणून पूर चांगला, असे म्हणण्यासारखेच ते आहे. ज्या मराठी सिनेमाला दोन आठवडे चित्रपटगृह मिळणे हीच कमाई, त्याला पहिल्या शुक्रवारची गळती झेपत नाही. पण यातली किती चोरी पुरवठादाराच्या तारेतून दिसली असती? कार्डावरून कार्डावर जाणारी फाइल त्याच्याकडे येतच नाही. आणि आता टेलिग्रामवरून जाणारी फाइल येते ती कूटबद्ध होऊन. पोस्टमनला पाकीट दिसते, पत्र नाही.

अडवाअडवीचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. २०१२ मध्ये '३' या तमिळ सिनेमासाठी, म्हणजे 'कोलावेरी'वाल्या सिनेमासाठी, मद्रास उच्च न्यायालयाने अनामिकांविरुद्ध मनाई हुकूम दिला. पुरवठादारांनी झंझट नको म्हणून व्हिमिओसारखी साइटच्या साइट बंद केली. देशभरातले लघुपट करणारे आपल्याच फिती बघायला मुकले. शेवटी फक्त नेमक्या पत्त्यांपुरतीच बंदी आहे, असा खुलासा न्यायालयाला करावा लागला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'ढिशूम' सिनेमाचे प्रकरण आले तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी नाकारली आणि पडताळून पाहिलेल्या पत्त्यांची यादी मागितली. त्याच प्रकरणात बंद केलेल्या पानावर दिसणाऱ्या दमदाटीच्या सूचनेचा प्रश्न निघाला. चोरटी प्रत नुसती पाहणे हाही गुन्हा, असे ती सांगत होती. न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की कायद्यातला गुन्हा पाहण्याचा नाही. तो परवानगीशिवाय वाटण्याचा, जाहीर दाखवण्याचा किंवा विकण्या-भाड्याने देण्याचा आहे. टोरंट लावणाऱ्या तरुणांनी यातून चुकीचा दिलासा घेऊ नये. टोरंटमध्ये बघणारा आपोआप वाटणाराही होतो, हे वर आलेच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

मग निदान ग्राहकाचे नाव तरी पुरवठादाराने स्वतःहून द्यावे, असे कुणी म्हणेल. इथे आणखी एक तांत्रिक गुंता आहे. ग्राहक ओळखायचा तो जोडणीच्या आयपी पत्त्यावरून, आणि जुन्या पद्धतीचे हे पत्ते आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात २०११ मध्येच संपत आले. त्यामुळे छोटे ऑपरेटर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. वाड्याला एकच दार आणि आत पन्नास बिऱ्हाडे! नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक यांच्याशिवाय बिऱ्हाड सापडत नाही, आणि सापडले तरी वायफाय वापरणारा मुलगा होता, भाडेकरू होता की पासवर्ड मिळालेला शेजारी, हे कळत नाही. फ्रान्सने तीन ताकिदींनंतर कनेक्शन तोडण्याचा कायदा २००९ मध्ये केला आणि ती शिक्षा २०१३ मध्ये रद्द केली. ज्या घरात एकाच जोडणीवर मुलीचा ऑनलाइन क्लास, वडिलांचा बाजारभाव आणि आईचे यूपीआय चालते, तिथे एकाच्या सिनेमापायी सगळ्यांची तार कापणे न्यायाचे नाही.

म्हणून पुरवठादार सर्वस्वी मोकळा, असे मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने इतरांच्या मजकुराबाबत मध्यस्थाला दिलेले संरक्षण अटींसह आहे. कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने तोल साधला आहे. केवळ तांत्रिक वहनात होणारी क्षणिक साठवण उल्लंघन ठरत नाही. दुवे किंवा प्रवेश पुरवणाऱ्याकडे मात्र लेखी तक्रार आली की २१ दिवस तो मार्ग थांबवायचा, आणि तेवढ्यात न्यायालयाचा हुकूम आला नाही तर पुन्हा खुला करायचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या चोर साइटींसाठी त्यांच्या नव्या अवतारांनाही लागू होणारा हुकूम दिला. त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये एका शिक्षिकेच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या आणि व्याख्यानांच्या प्रती वाटणाऱ्या चॅनेलांची माहिती टेलिग्रामला द्यायला लावली. एमपीएससीच्या नोट्सचे पीडीएफ फुकट फिरवणाऱ्या आपल्या मुलांनी या निकालाची नोंद घ्यावी. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन लाख रुपये दंड ठेवला, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. या सगळ्यात पुरवठादार हुकमाची तामिली करणारा आहे, फौजदार नव्हे. तेच बरे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा भाग प्रसारणाआधीच फुटला, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी पकडलेले चौघे कुणा केबलवाल्याचे ग्राहक नव्हते. ज्या कंपनीकडे तो भाग सांभाळायला होता तिथलेच आजी-माजी लोक होते. गळती धरणाच्या भिंतीत असताना चारीवर पहारा बसवून काय उपयोग?

तेव्हा पुढच्या वेळी रात्री आठला चकरी फिरू लागली आणि पलीकडून 'कुणीतरी पिक्चर डाउनलोड करतंय' असे उत्तर आले, तर शेजाऱ्याकडे संशयाने बघू नका. ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा. माझ्या पोर्टावर किती घरे जोडली आहेत, वरून बँडविड्थ किती घेतली आहे, आणि मर्यादा संपल्यावर वेग किती राहणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तर तो ट्रायच्या आदेशाने बांधलेलाच आहे.