नाव बदललं, नंबर हरवला

लग्नात आपल्याकडे मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतं. हौसेपुरतं ठीक आहे. पण प्रॉव्हिडंट फंडाच्या कॉम्प्युटरला हे कोण सांगणार?

आमच्या वस्तीत मी बचत गटाचं काम बघते. गटातली एक मुलगी गार्मेंट कारखान्यात शिलाईला जाते. (मुलगी म्हणजे पस्तिशीची, पण मला मुलगीच!) गेल्या वर्षी ती विचारायला आली, ‘‘ताई, जुन्या कंपनीचा सगळा फंड काढून घेऊ का? एक जण दोन हजारात काढून देतो म्हणतोय.’’

कागद पाहिले तर तिच्या नावावर दोन यूएएन! यूएएन म्हणजे फंडाचा बारा आकडी नंबर, २०१४ साली सुरू झालेला. नोकऱ्या कितीही बदला, नंबर एकच, हा त्यामागचा हेतू. हिचा पहिला नंबर माहेरच्या नावाने, सहा वर्षांच्या नोकरीचा. २०२० मध्ये लग्न होऊन इकडे आली, आधार कार्ड सासरच्या नावाने झालं. इथल्या ठेकेदाराने जुन्या नंबराची चौकशीच केली नाही, सरळ नवा काढून दिला. त्यावर पाच वर्षं.

आता गंमत बघा. फंडाच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते. सहा वेगळी, पाच वेगळी, म्हणजे हाती काहीच नाही. जोडली तर अकरा! पेन्शनच्या पैशांसकट जुना फंड काढला असता, तर ती सहा वर्षं पुसली गेली असती. म्हटलं, ‘‘अगं, थांब. त्याला दोन हजार देऊ नकोस आणि एक रुपयाही काढू नकोस.’’

कंपनी दर महिन्याला फंडाकडे एक फाइल पाठवते. प्रत्येक कामगाराची एक ओळ. त्यात नंबर, नाव, पगार, कापलेली रक्कम. तिथे माणूस ओळखला जातो तो नंबराने. त्यात ठेकेदाराकडची यादी एक्सेलमध्ये असते. बारा आकडी नंबर नुसता टाइप केला की एक्सेल तो आखडून मध्येच ‘ई’ अक्षर घालून दाखवतं. तसाच सेव्ह झाला तर शेवटचे आकडे गेलेच म्हणून समजा. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा असतो, पण घाईत कोण करतंय!

हिचं काम क्रमानेच करावं लागलं. आधी जुन्या नंबरावरचं नाव दुरुस्त. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र, आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला. जुन्या कंपनीच्या क्लार्कने दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मीच सोबत गेले. मग आधार जोडलं. तेव्हा कळलं, की नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, आणि त्याशिवाय पैसे वळते होत नाहीत. ती तिने मोबाइलवरून स्वतःच भरली. जन्मतारीख जुळत होती, नाहीतर आणखी एक फेरा.

मैत्रिणींनो, तुमची किंवा तुमच्याकडच्या कुणाची नोकरी असेल, तर नाव आणि जन्मतारीख आजच आधारशी ताडून बघा, आणि सोडल्याची तारीख भरली आहे का तेही बघा. कारखाना चालू आहे तोवर सही मिळते. बंद पडल्यावर शोधणार कुणाला?

तिचं आता एकच पासबुक उघडतं. गटातल्या सात जणींचे नंबर तिनेच तपासले. दोघींची नावं जुळत नाहीत. त्यांचे कागद घेऊन रविवारी आम्ही बसणार आहोत.