वाचकांनी शोधलेली बातमी

'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या अमेरिकी राजकीय वृत्तस्थळाला नोव्हेंबर २०२५ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. ट्रम्प यांनी गुदरलेले दावे बड्या वाहिन्यांनी कोट्यवधी डॉलर मोजून मिटवले, त्याच काळात एका माणसाने सुरू केलेला ब्लॉग कोणापुढेही न वाकता उभा आहे. तो कसा टिकला, हे आपणही नीट समजून घ्यायला हवे.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश आणि गोर यांच्यात फ्लोरिडाच्या फेरमोजणीवरून रण माजले असताना, १३ नोव्हेंबर २००० रोजी जोश मार्शल यांनी हा ब्लॉग सुरू केला. ते तेव्हा 'द अमेरिकन प्रॉस्पेक्ट' या नियतकालिकाचे वॉशिंग्टनमधले संपादक होते. मात्र त्यांचा मूळ पिंड इतिहासकाराचा. वसाहतकालीन अमेरिकेवर त्यांनी ब्राउन विद्यापीठात पीएचडी केली आहे. जुना कागद काढायचा, तो आजच्या कागदाशेजारी ठेवायचा आणि काय जुळते ते पाहायचे, ही त्यांची सवय. ब्लॉगच्या वाढीचे श्रेय बहुतेक जण इंटरनेटला देतात. मी ते या सवयीला देईन.

तिची पहिली चुणूक डिसेंबर २००२ मध्ये दिसली. वंशभेदाच्या बाजूने १९४८ साली अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी सिनेटर ट्रेंट लॉट यांनी त्या उमेदवारीचे गोडवे गायले. समारंभाला पत्रकार हजर होते, पण बहुतेक वर्तमानपत्रांनी ते वाक्य सोडून दिले. मार्शल आणि आणखी काही ब्लॉगलेखकांनी लॉट यांची जुनी विधाने एकेक करून पुढे आणली. दोन आठवड्यांत लॉट यांना सिनेटमधले पक्षनेतेपद सोडावे लागले.

खरा कस लागला तो २००७ मध्ये. बुश सरकारने ७ डिसेंबर २००६ रोजी एकाच दिवशी सात फेडरल सरकारी वकिलांना घरी पाठवले होते. प्रत्येक शहरातल्या पेपराने आपापल्या वकिलाची बातमी दिली, पण सगळ्या बातम्या एकत्र मांडून पाहिल्या कोणी? सॅन डिएगोच्या कॅरल लॅम यांनी लाचखोर खासदार ड्यूक कनिंगहॅमला तुरुंगात धाडले होते. अर्कान्सासमध्ये तर बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाची वर्णी लागत होती. मार्शल यांनी हे धागे जोडून बडतर्फीमागे राजकारण असल्याचे मांडले. 'टाइम'च्या वॉशिंग्टन ब्युरोप्रमुखाने आधी याची टर उडवली आणि पुढे चूक जाहीरपणे कबूल केली.

मार्चमध्ये न्याय खात्याने रात्री उशिरा या बडतर्फीसंबंधीच्या कागदपत्रांचा सुमारे तीन हजार पानांचा गठ्ठा बाहेर काढला. न्यूयॉर्कच्या फुलबाजारात, तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या कचेरीत बसणाऱ्या मूठभर बातमीदारांना तो वाचून होणे शक्यच नव्हते. त्यांनी मध्यरात्रीनंतर वाचकांना हाक दिली : एकेक फाइल उचला, वाचा, काय सापडले ते पान क्रमांकासह कळवा. लोक खरोखर वाचत बसले. त्यातूनच एक गोष्ट उजेडात आली. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे बडतर्फीच्या अगदी तोंडावर, अठरा दिवसांच्या ईमेल जवळजवळ गायबच होत्या! प्रकरण तापत गेले आणि ऑगस्टमध्ये न्याय खात्याचे प्रमुख, अॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला. या वार्तांकनासाठी पुढच्या वर्षी ब्लॉगला मानाचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला.

पैशाचे गणित यापेक्षा अवघड होते. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीला जाण्याचा खर्च मार्शल यांनी सुरुवातीला वाचकांकडूनच गोळा केला होता. पुढे जाहिराती आल्या, कर्मचारी वाढले. पण त्या जाहिरातींची तिजोरी गूगलच्या हातात होती. आपण गूगलच्या शेतावरचे कूळ झालो आहोत, असे त्यांनी २०१७ साली स्पष्ट लिहिले. सुदैवाने २०१२ पासूनच त्यांनी सशुल्क सदस्यत्व सुरू केले होते, आणि आज हे स्थळ मुख्यतः त्याच पैशावर चालते. वर्गणीदाराला आवडेल तेच लिहिण्याचा मोह यात असतो, हे मान्य. डाव्या बाजूचा कल तर हे स्थळ लपवतही नाही. तरीही एका जाहिरातदाराच्या मर्जीपेक्षा हजारो वाचकांची मर्जी मला कितीतरी सुरक्षित वाटते.

मराठीला हा मार्ग परका नाही. साने गुरुजींनी १९४८ साली काढलेले 'साधना' आजही निघते आणि त्याला वर्गणीदार आहेत. पण आज स्वतंत्रपणे राजकीय बातमीदारी करणारे अनेक मराठी पत्रकार यूट्यूबच्या जाहिरातींवर, म्हणजे पुन्हा गूगलच्याच शेतावर, राबत आहेत. त्यांच्यातल्या ज्याचे काम तुम्ही रोज फुकट वाचता-ऐकता, त्याची वर्षभराची वर्गणी या महिन्यात भरा. आणि तुमच्या तालुक्यातला एखादा सरकारी कागद हाती लागला, तर तो आधी स्वतः वाचा, खुणा करा आणि मग त्याच्याकडे पाठवा.