मोजणी यंत्राची, राखण माणसांची

वाघ किती, हे पूर्वी पावलांच्या ठशांवरून ठरवत. ही पद्धत किती कच्ची होती, ते 2004-05मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात उघड झालं. कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. आता पायवाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की त्याच्या दोन्ही अंगांचे फोटो आपोआप निघतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यामुळे संगणक ते जुळवून पाहतो आणि एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. 2018च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे 3.48 कोटी फोटो मिळाले. त्यांतून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखता आले.

फोटोंवर एवढा खर्च कशाला, असं काहींना वाटतं. पण वाघ घटताहेत हे वेळेत कळलं नाही, तर सरिस्काप्रमाणे दुसऱ्या जंगलातून वाघ आणून सोडावे लागतात, आणि ते काम कितीतरी अवघड असतं. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करणारी माणसंही या कॅमेऱ्यांत टिपली जातात. त्यांचे फोटो पाळतीसाठी वापरले जाऊ नयेत, असा काटेकोर नियम हवा. कारण कॅमेरा फक्त मोजतो. जंगल राखतात ते पायी फिरणारे वनरक्षक आणि शेजारची गावं. त्यांचा विश्वास गमावून वाघ वाचणार नाही.