ढालीवरचा सह्याद्री

'जे. जे.' ही दोन अक्षरे मुंबईकर रुग्णालयावर आणि कलाशाळेवर रोज वाचतो. पण ज्यांची ती अक्षरे, त्या सर जमशेटजी जीजीभाईंचे कुलचिन्ह निरखून पाहणारे थोडेच. १८४२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १८५७ मध्ये ते पहिले भारतीय बॅरोनेट झाले. बॅरोनेटपद वंशपरंपरेने चालते. १८६०च्या कायद्याने तर वारसाने आपले नाव सोडून 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव घ्यायचे, असे ठरले.

इंग्रजी रिवाजात कुलचिन्हाचे शब्दांतले वर्णन मुख्य असते. चित्रकार बदलला तरी चालते, शब्द तेच राहतात. म्हणून मी आधी शब्द वाचतो. निळी ढाल. तळाशी घाट, म्हणजे आपला सह्याद्री. त्यावर उगवता सूर्य. वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. ढालीच्या माथ्यावरील तुऱ्यात हिरवी टेकडी, तिच्यावर गव्हात उभा मोर, त्याच्या चोचीत ओंबी. ब्रीद : उद्योग आणि औदार्य.

इंग्लंडातल्या कित्येक ढालींवर सिंह, गरुड, भाले असतात. इथे एकही शस्त्र नाही. मुंबईहून पाहिले तर सूर्य खरोखरच सह्याद्रीच्या बाजूने उगवतो. पारशी धर्मात प्रकाश पवित्र. तोही अर्थ मला त्यात दिसतो. मधमाशी ही युरोपात कष्टाची जुनी खूण. ओंबी सुबत्तेची आणि म्हणून दानाचीही, असे मी मानतो.

हे औदार्य केवळ ढालीवरचे नव्हते. १८४५ मध्ये रुग्णालय उघडले. त्याच वर्षी, पत्नी अवाबाईंच्या देणगीतून, माहीम-वांद्रे जोडरस्ता खुला झाला. १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली.

मात्र हा पैसा मुख्यतः चीनच्या व्यापारातून आला होता. जमशेटजींनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या, पुढे कापूस आणि अफू तिकडे पाठवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. ढालीवर घाट आहेत, जहाज नाही. तुऱ्यात गहू आहे, अफूचे बोंड नाही. यात नवल नाही. कुलचिन्ह घेणारा आपली ओळख स्वतः निवडतो.

म्हणून कुठलेही कुलचिन्ह वाचताना मी दोन याद्या करतो : ढालीवर काय आहे आणि त्या माणसाच्या हिशेबाच्या वहीत काय होते. जमशेटजींच्या बाबतीत दोन्ही याद्या खऱ्या आहेत.