चांदी काळवंडते तेव्हा नेमके काय घडते?

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी पर्यटकांचे खास आकर्षण आहे. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये उभारलेल्या या राजवाड्यात ती मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. सुरई उचलली की थांबे. अशी चांदी राजवाड्यातली असो वा आपल्या देवघरातली, ती उजळ ठेवायची तर आधी रासायनिक अभिक्रिया ओळखावी लागते.

अभिक्रिया ओळखण्याची किल्ली सोपी आहे: आत काय गेले आणि बाहेर काय आले, हे पाहावे.

चांदी काळी पडते ती लोखंडासारखी गंजून नव्हे. हवेतील हायड्रोजन सल्फाइडमधील गंधक चांदीशी जोडले जाते आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. दोन मूलद्रव्ये जुळून एक संयुग तयार झाले, म्हणून ढोबळमानाने ही संयोग अभिक्रिया. दमट हवेत ती अधिक वेगाने होते.

म्हणजे काळ्या थरातही चांदीच असते. खरखरीत पुडीने घासल्यास तो थर निघतो, पण त्यासोबत चांदीही जाते. वर्षानुवर्षे घासलेल्या समईवरची नक्षी पुसट होते ती यामुळेच.

दुसरा मार्ग विस्थापन अभिक्रियेचा. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात चांदीचे भांडे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाला टेकवून ठेवले, की अधिक क्रियाशील ॲल्युमिनियम चांदीची जागा घेते. गंधक सुटते आणि चांदी भांड्यावरच परत येते. त्या वेळी येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी राखलेल्या वस्तूंवर मात्र हा प्रयोग करू नये.

उरलेले दोन प्रकारही चांदीच शिकवते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी घातले, की दोन्ही क्षारांतील घटकांची अदलाबदल होऊन सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. तोच साका उन्हात ठेवला, की करडा होतो, कारण प्रकाशाने त्याचे चांदी आणि क्लोरीन असे विघटन होते. ही अपघटन अभिक्रिया. चांदीच्या क्षारांच्या याच प्रकाशसंवेदी गुणधर्मावर जुने छायाचित्रण उभे होते.

परीक्षेत या चार प्रकारांना गुण मिळतात. घरात मात्र त्यांतील पहिले दोन ओळखता आले, तर आजीची समई नातवंडांपर्यंत नक्षीसकट पोहोचते.