सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव), वस्ती सुमारे तीन हजार. करोनाकाळात पोरांना लागलेलं मोबाइलचं वेड उतरवायला गावाने सभेत ठरवलं : संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद, ८.३० च्या भोंग्यानंतर सुरू. अंमल १५ ऑगस्ट २०२२ पासून. ऐन मालिकांच्या वेळेला हात घातला, खरी हिंमत ती! हा वेळ मुख्यतः अभ्यास, वाचन आणि गप्पांसाठी. पण यातल्या दोनच संध्याकाळी भरभर चालण्यात घालवल्या, तरी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं भरतात. मुलांना मात्र रोज सरासरी ६० मिनिटं हुंदडायला हवं.